लहान कारखान्यात गुणवत्ता व्यवस्थापन कसे सुरू करावे

भोसरी, वाळूज, सातपूर किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या लहान कारखान्यांत गुणवत्तेची जबाबदारी बहुधा अचानक अंगावर येते. डिप्लोमा करून नुकत्याच लागलेल्या मुलाला किंवा मुलीला ‘आजपासून क्वालिटी तू बघ’ असे सांगितले जाते. नाही तर वर्षानुवर्षे जॉबवर्क करणाऱ्या मालकाला मोठ्या कस्टमरकडून निरोप येतो की आयएसओ 9001 (गुणवत्ता व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणपत्र असेल तरच पुढची ऑर्डर मिळेल. दोघेही मग फाइलींपासून सुरुवात करतात. कुठून तरी तयार नमुने आणले जातात, त्यांवर कंपनीचे नाव टाकले जाते, कपाटात रांग लागते आणि शॉपफ्लोअरवरचे रिजेक्शन आहे तेवढेच राहते. हा लेख अशा नवख्या माणसांसाठी आहे आणि त्यात सुचवलेला क्रम याच्या नेमका उलट आहे: आधी मशीनजवळचे काम, मग मोजमाप, मग नोंद आणि त्यातून होणारी सुधारणा, आणि सर्वांत शेवटी प्रमाणपत्र.

समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. सीएनसी म्हणजे संगणकाने चालणाऱ्या लेथवर 20 मिलिमीटर व्यासाची एक पोलादी पिन तयार होते. ड्रॉइंगवर व्यासापुढे h7 (लहान लिपीतला एच) असे लिहिले आहे, म्हणजे पिनचा व्यास जास्तीत जास्त 20.000 आणि कमीत कमी 19.979 मिलिमीटर चालेल. पूर्ण टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, 21 मायक्रॉनचा आहे (एक मायक्रॉन म्हणजे 0.001 मिलिमीटर).

तपासणी म्हणजे गुणवत्ता नव्हे

शेवटच्या टेबलावर बसून चांगल्या पिना एका ट्रेमध्ये आणि खराब पिना लाल डब्यात टाकणे ही तपासणी झाली. तिच्यामुळे खराब माल कस्टमरकडे जाणे काही अंशी टळते, पण एकही खराब पिन त्यामुळे चांगली होत नाही. तिच्यावरचे स्टील, वीज, इन्सर्ट (धातू कापणारे बदलते टोक) आणि ऑपरेटरचा वेळ तोवर खर्च होऊन गेलेला असतो. शिवाय डोळ्यांनी आणि हातांनी केलेली शंभर टक्के तपासणीसुद्धा शंभर टक्के दोष पकडत नाही, कारण दिवसभर तेच ते काम करणाऱ्या माणसाची नजर थकते. गुणवत्ता व्यवस्थापनात तपासणी हा केवळ एक भाग असतो. कस्टमरला काय हवे ते नेमके ठरवणे, ते देऊ शकेल अशी प्रक्रिया उभी करणे, ती प्रक्रिया ताब्यात ठेवणे आणि ती हळूहळू सुधारत नेणे हे त्यातले मुख्य काम आहे.

हा विचार शंभर वर्षे जुना आहे. अमेरिकेतल्या टेलिफोन उद्योगात काम करणारे वॉल्टर शुहार्ट यांनी मे 1924 मध्ये पहिला कंट्रोल चार्ट, म्हणजे प्रक्रिया ताब्यात आहे की नाही हे दाखवणारा आलेख, मांडला. त्यांचाच धागा पुढे नेणारे डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी 1950 मध्ये जपानी अभियंत्यांसमोर व्याख्याने दिली आणि 1951 मध्ये तिथे त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला. आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही, पण डेमिंग यांच्या त्या व्याख्यानांच्याही आधी, 1947-48 मध्ये, भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून स्वतः शुहार्ट भारतात येऊन गेले होते. पुढे 2003 मध्ये महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाने डेमिंग पुरस्कार मिळवला. त्यामुळे ही पद्धत परक्यांची किंवा फक्त मोठ्यांची आहे, असा संकोच बाळगण्याचे कारण नाही.

पहिले पाऊल: कस्टमरला काय हवे ते त्याच्याकडूनच समजून घ्या

ड्रॉइंग हातात घ्या आणि त्यावरच्या प्रत्येक मापाला, नोटला व खुणेला क्रमांक द्या. यालाच कारखान्यात बलूनिंग म्हणतात. मग पाहा की यातली कोणती मापे कस्टमरने विशेष महत्त्वाची म्हणून दाखवली आहेत. ड्रॉइंगवर सगळीच मापे सारखी दिसतात, पण प्रत्यक्षात एखादे माप चुकले तर असेंब्ली अडते आणि दुसरे थोडे चुकले तरी कुणाला कळतही नाही. आपली पिन कशात बसते, ती फिरते की दाबून बसवली जाते, तिच्यावर प्लेटिंग होणार आहे का, हे कस्टमरच्या माणसाला विचारा. प्लेटिंग होणार असेल तर त्याच्या थराने व्यास वाढतो, आणि ड्रॉइंगवरचे माप प्लेटिंगच्या आधीचे की नंतरचे, हे लेखी ठरलेले नसेल तर दोन्ही बाजूंनी बरोबर काम करूनही माल परत येऊ शकतो. अशा प्रश्नांची उत्तरे फोनवर मिळाली तरी नंतर ईमेलने पक्की करून घ्यावीत. ड्रॉइंगचा रिव्हिजन क्रमांक मशीनजवळच्या प्रतीवर, ऑफिसातल्या प्रतीवर आणि ऑर्डरवर एकच आहे ना, हेही याच वेळी ताडून पाहावे. जुन्या रिव्हिजनवर अख्खा लॉट निघणे ही लहान कारखान्यांतली नेहमीची आणि पूर्णपणे टाळता येणारी आपत्ती आहे.

दुसरे पाऊल: एक उत्पादन आणि एक दोष निवडा

सगळ्या कारखान्याची व्यवस्था एकदम लावायला घेतली की महिनाभरात दम निघतो. त्याऐवजी मागच्या तीन महिन्यांचे रिजेक्शन, रिवर्क आणि कस्टमरच्या तक्रारी एकत्र लिहून काढा. नोंदी नसतील तर आजपासून लाल डब्याशेजारी एक साधा तक्ता टांगा: तारीख, शिफ्ट, मशीन, पार्ट, दोष आणि नग. दोन-तीन आठवड्यांत बहुधा असे दिसते की दोषांचे प्रकार पंधरा असले तरी बहुतेक नुकसान दोन-तीन प्रकारांतच साठलेले असते. याला पॅरेटो विश्लेषण म्हणतात आणि त्यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही.

नुकसान नगांत न मोजता रुपयांत मोजा. समजा महिन्याला दहा हजार पिना होतात, तीन टक्के रिजेक्ट होतात आणि तोवर एका पिनवर चाळीस रुपये खर्च झालेले असतात. म्हणजे बारा हजार रुपये थेट भंगारात गेले. त्यात रिवर्कचे मशीन-तास, कस्टमरच्या गेटवर सॉर्टिंगसाठी पाठवलेली माणसे, त्यांचा प्रवास आणि शेवटी येणारी डेबिट नोट मिळवली की आकडा कितीतरी वाढतो. गुणवत्तेच्या खर्चाचे चार भाग करण्याची पद्धत आहे: दोष होऊ नये म्हणून केलेला खर्च, तपासणीचा खर्च, माल कारखान्यात असताना सापडलेल्या दोषांचा खर्च आणि माल बाहेर गेल्यावर उघड झालेल्या दोषांचा खर्च. नवख्या माणसाने ही चार खाती मालकासमोर एका पानावर मांडावीत. नवा मायक्रोमीटर किंवा फिक्स्चर मागताना त्या पानाचा जेवढा उपयोग होतो, तेवढा कोणत्याही भाषणाचा होत नाही.

तिसरे पाऊल: काम जसे चालते तसे लिहा

आता पिनच्या मागे मागे चाला. बार येतो, त्याचे टेस्ट सर्टिफिकेट तपासले जाते, कटिंग, टर्निंग, बाहेर हीट ट्रीटमेंट, परत आल्यावर अंतिम तपासणी, पॅकिंग, चलान. प्रत्येक टप्प्यावर काय बिघडू शकते, ते कशाने कळेल आणि कळल्यावर कोण काय करील, हे लिहा. यातूनच कंट्रोल प्लॅन तयार होतो: कोणते माप, कोणत्या उपकरणाने, किती नग, किती वेळाने, नोंद कुठे, आणि माप बाहेर गेले तर काय करायचे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा असतो आणि बहुतेक ठिकाणी तोच ‘सुपरवायझरला कळवणे’ एवढ्यावर आटोपलेला असतो. रात्रपाळीला सुपरवायझर नसेल तर ऑपरेटरने मशीन थांबवायचे की नाही? त्याला तो अधिकार आहे हे त्या रकान्यात स्पष्ट लिहा आणि मालकाच्या तोंडून सगळ्यांसमोर सांगायला लावा. मशीन थांबवले म्हणून एकदा जरी ऑपरेटरला बोलणी बसली, तरी त्यानंतर तो थांबवणार नाही.

हे सगळे ऑफिसात बसून लिहू नका. ऑपरेटरशेजारी उभे राहून, तो प्रत्यक्षात काय करतो ते पाहून लिहा. तो कागदावर नसलेली एखादी गोष्ट करत असेल, उदाहरणार्थ पिन मोजण्याआधी हवेच्या झोताने कूलंट उडवत असेल, तर ती बहुधा त्याच्या अनुभवातून आलेली असते आणि ती लिहून घेतली पाहिजे. मशीनवर लावायची कामाची सूचना मराठीत आणि जिथे उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशातले कामगार असतील तिथे हिंदीतही असावी, अक्षर मोठे असावे आणि शक्य तिथे फोटो असावा. इंग्रजीतली सुबक सूचना ऑडिटरला आवडेल, पण ती वाचायची ऑपरेटरला आहे.

चौथे पाऊल: मोजमाप भरवशाचे करा

आपल्या पिनचा टॉलरन्स 21 मायक्रॉनचा आहे. 0.01 मिलिमीटर लीस्ट काउंटचा, म्हणजे सर्वांत लहान घर तेवढे असलेला, साधा मायक्रोमीटर वापरला तर पूर्ण टॉलरन्समध्ये जेमतेम दोन घरे बसतात, आणि 0.02 मिलिमीटरचा व्हर्नियर तर या कामाला पूर्णपणे निरुपयोगी आहे. रूढ संकेत असा आहे की उपकरणाचे सर्वांत लहान घर टॉलरन्सच्या एक दशांशाहून मोठे नसावे. म्हणजे इथे 0.001 मिलिमीटर वाचणारा मायक्रोमीटर हवा. स्नॅप गेज (आकडा न दाखवता फक्त पास-नापास सांगणारे ठरावीक मापाचे गेज) वापरले जात असेल तर त्याची मर्यादा ओळखा. गो बाजू गेली आणि नो-गो बाजू अडली म्हणजे पिन चांगली, एवढेच ते सांगते. माप वरच्या टोकाकडे सरकत चालले आहे, हे त्याला सांगता येत नाही, आणि आपल्याला तर नेमके तेच कळायला हवे आहे.

तापमानाकडेही लक्ष द्या. पोलाद दर अंश सेल्सिअसला, दर मीटर लांबीमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन प्रसरण पावते. 20 मिलिमीटरची पिन मशीनमधून काढल्या काढल्या मायक्रोमीटरपेक्षा 30 अंशांनी गरम असेल, तर तिचा व्यास जवळजवळ सात मायक्रॉनने मोठा दिसेल. 21 मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये हा एक तृतीयांश हिस्सा झाला. ऑपरेटर मग ‘माप वर गेले’ म्हणून ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली मापाची दुरुस्ती) कमी करतो आणि पिना थंड झाल्यावर खालच्या बाजूला बाहेर जातात. वातानुकूलित खोली नसली तरी चालेल. पिन आणि मायक्रोमीटर एकाच सावलीत, पंख्याखाली थोडा वेळ शेजारी ठेवून सारख्या तापमानाला आले की दोन्ही पोलादाचे असल्यामुळे बराचसा फरक आपोआप मिटतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली काम करताना ही काळजी घेतलीच पाहिजे.

वर्षातून एकदा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून उपकरणांचे कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाणित मापाशी पडताळणी, करून घ्या, पण त्यावर विसंबून राहू नका. मायक्रोमीटर खाली पडला तर तो त्याच दिवशी संशयास्पद ठरतो, प्रमाणपत्राची मुदत कितीही शिल्लक असो. रोज शिफ्टच्या सुरुवातीला स्लिप गेजवर किंवा सेटिंग मास्टरवर (अचूक माहीत मापाच्या ठोकळ्यावर) शून्य तपासण्याची सवय लावा. आणि दोन माणसे तीच पिन मोजून वेगवेगळे वाचन देत असतील तर पुढे जाऊच नका. दहा पिना, तीन माणसे आणि प्रत्येकाची दोन-तीन वाचने घेऊन केलेल्या अभ्यासाला गेज आर अँड आर म्हणतात. मोजमापातलाच फरक टॉलरन्सच्या दहा टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, तीस टक्क्यांच्या वर असेल तर ती पद्धत बदलायला हवी, आणि मधल्या पट्ट्यात काम किती नाजूक आहे ते पाहून निर्णय घ्यावा.

पाचवे पाऊल: चार्ट लावा आणि तो वाचायला शिका

माझ्या मते नवख्या माणसाने सर्वांत जास्त वेळ या पावलावर घालवावा. दर तासाला सलग निघालेल्या पाच पिना घ्या, मोजा, त्यांची सरासरी काढा आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान वाचनातला फरक, म्हणजे रेंज, काढा. असे वीस-पंचवीस गट झाले की सरासऱ्यांची सरासरी आणि रेंजची सरासरी निघते. उदाहरणादाखल समजा पहिली 19.990 आणि दुसरी 0.006 मिलिमीटर आली. पाचच्या गटासाठी ठरलेला 0.577 हा गुणक रेंजच्या सरासरीला लावला की साधारण 0.0035 मिळतात, म्हणजे सरासरीच्या चार्टवर वरची नियंत्रण मर्यादा 19.9935 आणि खालची 19.9865 येते. रेंजच्या चार्टची वरची मर्यादा रेंजच्या सरासरीला 2.114 ने गुणून सुमारे 0.0127 येते.

इथे जवळजवळ प्रत्येक नवखा माणूस अडखळतो. नियंत्रण मर्यादा म्हणजे टॉलरन्सच्या मर्यादा नव्हेत. टॉलरन्स कस्टमरने ड्रॉइंगवर दिलेला असतो आणि तो एकेका पिनला लागू होतो. नियंत्रण मर्यादा आपल्याच मशीनच्या वागण्यातून निघतात आणि या चार्टवर त्या पाच पिनांच्या सरासरीला लागू होतात. सरासरी 19.995 आली तर त्या पाचही पिना टॉलरन्समध्ये असू शकतात, तरीही चार्ट सांगतो की प्रक्रियेत नेहमीपेक्षा वेगळे काहीतरी घडले आहे आणि खराब पिन निघण्याआधी ते शोधायला अजून वेळ आहे. याच कारणाने चार्टवर टॉलरन्सच्या रेषा मारू नयेत. त्या दिसल्या की सगळ्यांचे लक्ष तिकडेच जाते आणि चार्टचा उद्देश हरवतो.

प्रत्येक प्रक्रियेत काही फरक कायमचा मुरलेला असतो: बारची कठीणता थोडी कमी-जास्त, कूलंटचा प्रवाह, मशीनची थरथर. मर्यादांच्या आत, कोणताही क्रम न दाखवता वरखाली होणारे बिंदू हा असा सामान्य फरक असतो. मर्यादेबाहेर गेलेला बिंदू, किंवा एकाच बाजूला सलग पडलेले अनेक बिंदू, हे विशेष कारणाचे लक्षण असते. विशेष कारण असेल तर लगेच शोधा. नसेल तर मशीनला हात लावू नका. नवख्यांना हे दुसरे वाक्य पटायला जड जाते. एक पिन दोन मायक्रॉन वर आली म्हणून ऑपरेटर ऑफसेट दोनने खाली घेतो, पुढची तीन खाली आली म्हणून तीनने वर घेतो, आणि त्याला वाटते की आपण फार दक्षतेने काम करतो आहोत. स्थिर प्रक्रियेत प्रत्येक पिनवर अशी दुरुस्ती करत राहिले तर मापांचा पसारा कमी होण्याऐवजी सुमारे 41 टक्क्यांनी वाढतो, हे गणिताने सिद्ध आहे आणि डेमिंग ते प्रात्यक्षिकाने दाखवत असत. त्या ऑपरेटरला दोष देऊ नये; कधी हात लावायचा आणि कधी नाही, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

टर्निंगमध्ये मात्र एक विशेष कारण आधीच माहीत असते. इन्सर्ट झिजत जातो तसा बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो आणि चार्टवर बिंदूंची चढती ओळ दिसते. अनुभवी सेटर (मशीनचे सेटिंग करणारा) म्हणूनच सुरुवातीचे माप टॉलरन्सच्या आत, पण थोडे खालच्या बाजूला ठेवतो. ही झीज किती पिनांमागे किती मायक्रॉन होते ते चार्टवरून काढा आणि अमुक पिनांनंतर ऑफसेटमध्ये अमुक बदल, तमुक पिनांनंतर इन्सर्ट बदल, असा नियम मशीनवर लावा. सेटरच्या डोक्यात असलेले ज्ञान अशा रीतीने तो रजेवर असतानाही कारखान्यात राहते.

कस्टमर विचारतो ते सीपी आणि सीपीके हे आकडे, म्हणजे प्रक्रिया टॉलरन्समध्ये किती आरामात बसते याची मापे, याच नोंदीतून निघतात. रेंजच्या सरासरीला 2.326 ने भागले की प्रमाण विचलन (मापांच्या पसाऱ्याचे माप) साधारण 0.0026 मिलिमीटर येते. टॉलरन्सला त्याच्या सहापटीने भागून सीपी सुमारे 1.36 निघतो. सीपीके काढताना सरासरीपासून जवळच्या टॉलरन्स मर्यादेपर्यंतचे अंतर घेऊन त्याला विचलनाच्या तिपटीने भागतात. इथे तो सुमारे 1.29 येतो. कस्टमर साधारणपणे किमान 1.33 मागतात, म्हणजे सरासरी अगदी अर्धा मायक्रॉन खाली, मध्यावर आणली तरी काम भागेल. पण हीच सरासरी 19.994 वर सरकू दिली तर मशीन तेवढेच चांगले असूनही सीपीके 0.78 च्या आसपास घसरतो. मशीन नवे घ्यायचे की सेटिंग सुधारायचे, याचा निर्णय हे दोन आकडे शेजारी ठेवून घ्यावा. आणि चार्टवर प्रक्रिया स्थिर दिसत नसेल तर हे आकडे काढूच नयेत. अस्थिर प्रक्रियेच्या सीपीकेला काही अर्थ नसतो.

सहावे पाऊल: खराब माल अडवा, मग कारण शोधा

दर तासाच्या तपासणीत एक पिन टॉलरन्सबाहेर सापडली की बहुधा फक्त तीच लाल डब्यात टाकून काम पुढे चालू ठेवले जाते. योग्य रीत अशी की मशीन थांबवावे, मागची तपासणी जिथे चांगली निघाली होती तिथपर्यंतचा सगळा माल वेगळा करून त्यावर ‘होल्ड’ची चिठ्ठी लावावी आणि त्यातली प्रत्येक पिन मोजावी. हे जमण्यासाठी दोन तपासण्यांमधला माल एकाच ट्रेमध्ये आणि त्या ट्रेवर वेळ लिहिलेली हवी. हीट ट्रीटमेंटला जाणाऱ्या लॉटचा क्रमांक चलानवर असावा आणि परत येताना तोच राहावा. बाहेरच्या व्हेंडरकडे दोन लॉट एकत्र झाले की माग काढण्याचा रस्ता तिथेच संपतो.

कारण शोधताना दोन स्वतंत्र प्रश्न विचारा: दोष निर्माण का झाला, आणि तो निर्माण झाल्यावर आपल्याकडे पकडला का गेला नाही. समजा कस्टमरच्या असेंब्लीत काही पिना बसेनात. त्या मोठ्या का झाल्या? इन्सर्ट जास्त झिजला होता. का? बदलण्याची वेळ टळली. का? पिनांची मोजणी ऑपरेटर मनाने करत होता आणि शिफ्ट बदलताना ती पुढच्या माणसाला सांगितली गेली नाही. का? शिफ्टच्या वहीत त्यासाठी जागाच नाही आणि मशीनचा टूल काउंटर कुणी सुरू केलेला नाही. इथे हात घालता येईल असे कारण मिळाले. आता दुसरा प्रश्न: पकडल्या का गेल्या नाहीत? कारण अंतिम तपासणीचे गो गेज स्वतःच झिजून मोठे झाले होते. हे पूर्णपणे वेगळे कारण आहे आणि त्याचा उपायही वेगळा आहे.

कस्टमरला पाठवायच्या उत्तरात ‘ऑपरेटरची चूक, त्याला समज दिली’ असे लिहिणे कायमचे बंद करा. ते उत्तर सर्वाधिक लिहिले जाते आणि त्यातून काहीही बदलत नाही, कारण उद्या त्या जागी दुसरा माणूस उभा राहिला तरी तीच वही आणि तोच बंद काउंटर त्याच्या वाट्याला येणार असतो. उपाय शक्य तितका यंत्रणेत घाला: ठरलेल्या पिनांनंतर काउंटरने मशीन आपोआप थांबवावे, उलटी बसूच शकणार नाही अशी फिक्स्चरची रचना असावी. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी रूढ केलेली पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी रचना, ही कल्पना हीच आहे, आणि लहान कारखान्यात ती अनेकदा एका डॉवेल पिनच्या खर्चात बसते. उपाय केल्यावर तो खरेच लागू पडला का, हे महिन्याभराच्या नोंदींवरून पाहूनच ती तक्रार बंद करा.

सातवे पाऊल: दस्तऐवज आणि प्रमाणपत्र

एवढे झाल्यावर आयएसओ 9001 चे काम बरेच हलके होते. हे मानक 1987 मध्ये प्रथम आले आणि 2015 च्या आवृत्तीत वेगळी गुणवत्ता पुस्तिका असण्याची सक्तीही राहिली नाही. ठेवलेली माहिती कामाला पुरेशी आहे का आणि प्रत्यक्षात तसेच काम चालते का, हे ऑडिटर पाहतो. तुमचा कंट्रोल प्लॅन, कॅलिब्रेशनची यादी, चार्ट, तक्रारींची नोंद आणि प्रशिक्षणाचा तक्ता ही त्याची मुख्य सामग्री आहे. व्यवसायातल्या जोखमी लिहिताना पुस्तकी वाक्ये टाळा. एकाच प्लेटिंगवाल्यावर अवलंबून असणे, मुख्य सेटरला पर्याय नसणे, वीज गेल्यावर मशीनचे शून्य हलणे, अशा खऱ्या गोष्टी लिहा.

प्रमाणपत्र आयएसओ ही संस्था स्वतः देत नाही. ते स्वतंत्र प्रमाणन संस्था देतात आणि त्या संस्थांना भारतात एनएबीसीबी या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असते किंवा अन्य देशांतल्या तशाच मंडळांची. काही दिवसांत, कारखान्यात पाऊल न ठेवता प्रमाणपत्र देऊ करणाऱ्यांपासून दूर राहा, कारण जाणकार कस्टमर त्यावरचे मान्यतेचे चिन्ह पाहतो आणि ते नसेल तर पैसे वाया गेलेले असतात. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे असते आणि मधल्या काळात दरवर्षी पाहणी ऑडिट होते. वाहन उद्योगाला पुरवठा करणाऱ्यांना पुढे आयएटीएफ 16949 हे त्या उद्योगाचे मानक लागू शकते. ते बरेच कडक आहे आणि आयएसओ 9001 अंगवळणी पडल्यावरच त्याच्या मागे लागावे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी केंद्र सरकारची झेड योजनाही आहे. 2022 मध्ये नव्या रूपात आलेल्या या योजनेत ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड असे स्तर आहेत आणि प्रमाणनाच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला 80, लघुउद्योगाला 60 आणि मध्यम उद्योगाला 50 टक्के अनुदान ठेवले आहे. अर्ज करण्याआधी त्या वेळचे नियम अधिकृत पोर्टलवर पाहून घ्यावेत.

आठवे पाऊल: ऑडिट, बैठक आणि पुढचा दोष

अंतर्गत ऑडिट करताना स्वतःच्याच विभागाचे ऑडिट स्वतः करू नये. स्टोअरच्या माणसाने टर्निंग पाहावे आणि टर्निंगच्या सुपरवायझरने स्टोअर पाहावे. प्रश्न फाइलीवरून सुरू न करता मशीनवरून सुरू करावेत: ही पिन कोणत्या ड्रॉइंगची, कोणत्या रिव्हिजनची, शेवटची तपासणी किती वाजता झाली, मायक्रोमीटरवरचे कॅलिब्रेशनचे लेबल काय सांगते, माप बाहेर गेले तर तुम्ही काय कराल. ऑपरेटर न डगमगता उत्तरे देऊ लागला तर व्यवस्था रुजली आहे.

महिन्यातून एकदा मालकासोबत तासभर बैठक घ्या आणि तिला मालक स्वतः बसेल याची खात्री करा, कारण त्याने पाठ फिरवली की इतर सगळेही फिरवतात. समोर एवढेच असावे: रिजेक्शन आणि रिवर्क रुपयांत, कस्टमरच्या तक्रारी व त्यांची स्थिती, मुख्य मापांचे चार्ट, मुदतीत गेलेल्या आणि न गेलेल्या डिलिव्हरी, आणि मागच्या बैठकीत ठरलेल्यांपैकी काय झाले नाही. प्रत्येक निर्णयासमोर एका माणसाचे नाव आणि तारीख लिहावी. ‘सर्वांनी लक्ष द्यावे’ असा निर्णय इतिवृत्तात येऊ देऊ नये.

पिनचा चार्ट सलग काही आठवडे स्थिर राहिला आणि सीपीके मागितल्याहून वर टिकला, तर दर तासाऐवजी दर दोन तासांनी तपासणी करण्याचा विचार करता येतो. हा बदल कंट्रोल प्लॅनमध्ये नोंदवावा, कस्टमरची मंजुरी लागत असेल तर ती आधी घ्यावी, आणि इन्सर्टचा मेक, बारचा पुरवठादार किंवा मशीन बदलले की पुन्हा जुन्या वारंवारतेवर यावे. यातून तपासणीचे जे तास मोकळे होतील ते पॅरेटोच्या तक्त्यावरच्या दुसऱ्या दोषाला द्यावेत आणि त्याच्यासाठी पुन्हा पहिल्या पावलापासून, ड्रॉइंगवरच्या बलूनपासून, सुरुवात करावी.